तुरट रस आणि वाढता मेद

आपल्या जुन्या वैद्यकाने अन्नाचे सहा रस मानले आहेत. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय अशी त्यांची नावे. यांपैकी गोडाचे लाड कोण करीत नाही? आंबट आणि खारट यांच्यावाचून जेवणाला चव नाही. तिखटाशिवाय आपल्याकडे घास पुढे सरकत नाही. आणि कारल्याच्या कडवटपणाचेही गुणगान करणारी चार माणसे प्रत्येक आळीत सापडतात. राहता राहिला तो कषाय, म्हणजे घरगुती भाषेत तुरट. या बिचाऱ्याला वाली असा कोणी नाही. कच्च्या जांभळाने जीभ आवळली, हिरड्याने घसा धरला, की आपण तोंड वाकडे करतो आणि पाणी मागतो.

आज मी या उपेक्षित रसाची वकिली करावयास आलो आहे. परंतु त्याच्या नावाने हल्ली बाजारात जी एक निराळीच ललकारी ऐकू येते, तिच्याविरुद्ध फिर्यादही मलाच गुदरावयाची आहे. एकाच इसमाने वकील आणि फिर्यादी व्हावे हे न्यायाच्या रीतीत बसत नाही, हे मी जाणतो. तथापि शेवटपर्यंत ऐकल्यावर या दोन्ही गोष्टी मुळात एकच होत्या असे आपणांस दिसून येईल, अशी मला आशा आहे.

माझे गाव वरवे बुद्रुक. भोर तालुक्यात, शिवगंगेच्या खोऱ्यात, पुणे-सातारा रस्त्यालगत ते वसले आहे. माझ्या बाळपणी आमचे जेवण म्हणजे भात, नाचणीची भाकरी, रानातली एखादी पालेभाजी आणि ताक. आणि व्यायाम म्हणजे खाचरातली चिखलणी, डोंगरावरून आणलेली मोळी आणि पायी केलेला नसरापूरचा बाजार. गावात पोट सुटलेला मनुष्य दिसला तर तो कोणाचा तरी पाहुणा असावा, असे आम्ही खुशाल समजत असू. पुढे रस्ता रुंद झाला, दारोदारी दुचाकी उभी राहिली, चुलीवरल्या भाकरीची जागा पाव-बिस्किटांनी आणि तयार खाऊच्या पुड्यांनी घेतली. आता पोट सुटलेला मनुष्य पाहावयास पाहुण्याची वाट पाहावी लागत नाही, आरसा पुरतो.

अशा स्थितीत एके दिवशी एका दुकानदाराने माझ्यापुढे एक डबी ठेवली. "गुरुजी, ही घेऊन पाहा," तो म्हणाला. "जांभळाच्या बियांचे चूर्ण आहे. यात पॉलिफेनॉल असतात. दोन महिन्यांत साखरही उतरेल आणि पोटही उतरेल." तो शब्द तोपर्यंत मी केवळ मासिकांतून वाचलेला होता. तो आमच्या खोऱ्यातल्या दुकानात येऊन पोहोचला, तेव्हा त्याचा अर्थ समजून घेतलाच पाहिजे, असे माझ्या मास्तरी मनाने घेतले. अर्थ समजून घेण्यापूर्वीच मी डबी मात्र विकत घेतली. तिचे पुढे काय झाले ते यथाकाल सांगेन.

पॉलिफेनॉल म्हणजे काय, हे आपल्या गृहिणींना नावाने ठाऊक नसले तरी हाताने ठाऊक आहे. केळफूल चिरले की ते काळे पडते, बोटेही काळी होतात. म्हणून आपण हातांना तेल लावतो आणि चिरलेले केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतो. चिरलेले वांगे, सफरचंदाची फोड, बटाट्याची काप यांचीही तीच गत. वनस्पतीच्या अंगी असलेल्या या द्रव्यांना हवा लागली की ती काळवंडतात. चहाचा तांबूस रंग आणि त्याची तुरट चव, जांभळाचा जांभळा रंग, हळदीचा पिवळा रंग, नाचणीच्या दाण्याचा विटकरी रंग, ही सारी या एकाच मोठ्या कुटुंबातील मंडळी होत. रसायनशास्त्रज्ञांनी या कुटुंबातील आठ हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद केली आहे. प्रत्येकीच्या घडणीत कार्बनच्या सहा अणूंची कडी आणि तिला लागून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असा अवयव पुनःपुन्हा येतो. त्यावरूनच हे नाव पडले.

वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी करीत नाही, स्वतःसाठी करते. झाडाला पळून जाता येत नाही. ऊन, कीड, बुरशी आणि गुरांचे तोंड यांपासून त्याला जागच्या जागी आपला बचाव करावा लागतो. आणि त्या बचावाची ही शस्त्रे आहेत. कच्चे फळ तुरट असते याचे कारण हेच. त्यातील टॅनिन नावाचे द्रव्य आपल्या लाळेतील प्रथिनांना धरून बसते, लाळेचा ओशटपणा नाहीसा होतो, आणि तोंड आवळल्यासारखे वाटते. "बी तयार होईपर्यंत थांब," असे झाडाने खाणाऱ्याला त्याच्याच जिभेवर लिहून सांगितलेले असते.

या द्रव्यांकडे वैद्यकाचे लक्ष जाऊन पुष्कळ दिवस झाले. १९३६ साली हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनी लिंबू आणि मिरची यांतून यांपैकी काही द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांस 'पी' जीवनसत्त्व असे नाव दिले. पुढे ते नाव टिकले नाही. कारण जीवनसत्त्व नसले तर विशिष्ट रोग होतो, तसे यांच्याविषयी दाखविता आले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही द्रव्ये शरीरास उपयोगी पडतात, असे मानण्यास आधार आहे. परंतु ती म्हणजे अमृत, असे पहिल्या दिवसापासून कोणास सिद्ध करता आलेले नाही.

आता आमच्या मुलखाकडे पाहा. भोर आणि वेल्ह्याचे डोंगर या तुरट रसाचे कोठारच आहेत. उन्हाळ्यात करवंदे, पावसाच्या तोंडाशी जांभळे, थंडीत आवळा, आणि रानात हिरडा. उतारावरच्या शेतात नाचणी. वरंधा घाट उतरून कोकणात गेले की कोकम. हिरड्यात टॅनिनाचे प्रमाण एवढे मोठे की चामडी कमाविण्यास तो फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. तेव्हा दुकानदार म्हणतो ते द्रव्य परदेशातून डबीत भरून आणण्याचे मुळीच कारण नाही. प्रश्न एवढाच की, त्याने मेद कमी होतो काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपल्या मेदाची हकीकत सांगितली पाहिजे. कारण ती थोडी निराळी आहे, आणि ती उलगडण्याचे काम पुण्यातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातील प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले. दोघे शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन काढण्याचे जे गणित आहे, त्यात दोघांचाही आकडा तोच, २२.३. परंतु शरीरात मेद किती आहे हे यंत्राने मोजले, तेव्हा इंग्रज प्राध्यापकांच्या देहात तो शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरसाहेबांच्या देहात शेकडा २१.२ निघाला. वजनकाट्याने ज्यांस सारखे ठरविले, त्यांच्यात आतून दुपटीहून अधिक अंतर! दिसण्यात सडपातळ आणि आतून मेदाळ, अशी आपली हिंदी शरीराची ठेवण आहे, हे त्या एका चित्राने जगाला सांगितले.

ही ठेवण केव्हापासून? याच रुग्णालयाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास आरंभिला. त्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साऊदॅम्टन गावी जन्मलेल्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, परंतु त्यांच्या कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा उणा नव्हता. म्हणजे पाळण्यातले मूल हडकुळे दिसत असता मेद सांभाळून जन्मास आलेले असते. पुढे त्या मुलास कष्ट कमी आणि अन्न अधिक मिळाले की तो मेद पोटात, आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती साठतो. हा आतला मेद स्वस्थ बसत नाही. तो यकृताकडे स्निग्धाम्ले सोडतो, इन्सुलिनचा हुकूम शरीर मानीनासे होते, आणि रक्तात साखर वाढू लागते.

देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांवरून भारतात मधुमेही मंडळी सुमारे १० कोटी १० लक्ष आहेत आणि प्रौढांपैकी शेकडा ३९.५ जणांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आहे. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्या पुढे गेली, तर अंगाने बारीक असलो तरी सावध व्हावे, असा आपल्या वैद्यांचा सल्ला आहे.

आता तुरट द्रव्ये या रोगाशी कसा सामना करू शकतील ते पाहू. शास्त्रज्ञांनी तीन वाटा दाखविल्या आहेत. पहिली वाट आतड्यांतली. भाकरीतील पिष्टाची साखर करणारे जे पाचक रस आहेत, त्यांचा वेग ही द्रव्ये मंद करतात. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००९ साली असे दाखविले की, नाचणीच्या दाण्यावरील विटकरी आवरणातील पॉलिफेनॉल काचनळीत या पाचक रसांना आवर घालतात. दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. खाल्लेल्या पॉलिफेनॉलांपैकी फारच थोडा भाग लहान आतड्यातून रक्तात जातो. बाकीचा बहुतेक सारा मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथल्या कोट्यवधी सूक्ष्म जंतूंचे अन्न बनतो. ते जंतू त्याचे बारीक तुकडे करतात, आणि हे तुकडे व त्यांवर पोसलेले जंतू शरीराच्या कारभारात काही भाग घेतात. तिसरी वाट पेशींतली. पेशीत इंधन जाळावे की साठवावे, हे ठरविणारी जी यंत्रणा आहे, ती या द्रव्यांमुळे जाळण्याकडे झुकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

येथवर ऐकून पुष्कळांस वाटेल की, मग डबीत वाईट ते काय? श्रोतेहो, येथेच थांबून विचार करावयाचा आहे. काचनळी म्हणजे उंदीर नव्हे, आणि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. २००६ साली द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचा प्रयोग उंदरांवर झाला आणि त्याचा जगभर बोलबाला झाला. तेलकट, भारी अन्न खाणारे उंदीर त्या द्रव्यामुळे अधिक निरोगी राहिले व अधिक जगले. ही गोष्ट खरी. परंतु ते उंदीर बारीक झाले नव्हते, हे बोलबाला करणाऱ्यांनी सांगितले नाही. शिवाय त्यांस दिलेली मात्रा नाशिकच्या द्राक्षांनी भरून काढावयाची म्हटल्यास मनुष्याला दुसरे काही खाण्यास सवडच उरणार नाही.

मनुष्यांवर जे प्रयोग झाले, त्यांचा हिशेब आता मांडतो. हिरव्या चहाचे नाव आज घरोघर आहे. कोक्रेन या नावाची जी विद्वत्संस्था निरनिराळे प्रयोग एकत्र करून त्यांची छाननी करते, तिने २०१२ साली हिरव्या चहाचा निकाल दिला. जपानबाहेर झालेल्या प्रयोगांत हिरवा चहा घेणारे आणि न घेणारे यांच्या वजनातील सरासरी फरक होता अवघा ४० ग्रॅम. एक मध्यमसे लिंबू तेवढे भरते!

दुसरा हिशेब कोकमाच्या भाऊबंदांचा. कोकमाच्या जातीच्या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचे अम्ल असते. काटेकोरपणे ते पॉलिफेनॉल नव्हे. पण बाजारात ते त्यांच्याच पंगतीला बसविलेले असते. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल मंडळींवर बारा आठवडे त्याचा प्रयोग झाला. निम्म्यांस खरे औषध, निम्म्यांस तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. शेवटी दोन्ही पंगती सारख्याच उठल्या. औषधाचा असा विशेष गुण दिसून आला नाही.

तिसरा हिशेब अधिक मोठा आणि अधिक न्याय्य आहे. अमेरिकेतील १,२४,०८६ स्त्रीपुरुषांच्या आहाराची आणि वजनाची नोंद चोवीस वर्षांपर्यंत ठेवून २०१६ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जांभळासारख्या फळांना रंग देणाऱ्या द्रव्यांचे सेवन ज्यांनी वाढविले, त्यांचे वजन इतरांपेक्षा कमी वाढले. किती कमी? रोज दहा मिलिग्रॅम अधिक घेणाऱ्यांचे चार वर्षांत सुमारे १०० ग्रॅम. फळाच्या बाजूचा हा पुरावा आहे आणि तो मी आनंदाने मान्य करतो. परंतु चार वर्षांत शंभर ग्रॅम हा आकडा आपण डोळ्यांपुढे ठेवा. त्याच्या शेजारी मला थोड्या वेळाने दुसरा एक आकडा मांडावयाचा आहे.

मग तुरट द्रव्यापासून खरे औषध कधी झालेच नाही काय? झाले आहे, आणि त्याची कथा बोधप्रद आहे. १८३५ साली युरोपातील रसायनज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे एक पॉलिफेनॉल काढले. १८८६ साली फॉन मेरिंग या जर्मन वैद्याने दाखविले की, ते दिले असता लघवीवाटे साखर बाहेर पडू लागते. साखर बाहेर पडते तर मधुमेहावर ते द्यावे, असा विचार कोणाच्याही मनात येईल. परंतु पोटात घेतले की ते आतड्यातच मोडे, रक्तात पुरेसे पोहोचत नसे आणि जुलाब होत. तेव्हा रसायनज्ञांनी त्याची घडण बदलली, मात्रा ठरविली, हजारो रोग्यांवर कसून परीक्षा घेतली, आणि त्यातून डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे निघाली. त्यास युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली. सालीपासून गोळीपर्यंतचा हा प्रवास सुमारे पावणेदोनशे वर्षांचा आहे. दुकानातली डबी हा प्रवास करून आलेली नव्हती. तिने फक्त प्रवासाचे कपडे घातले होते.

आता त्या डबीची गोष्ट. मला मधुमेह आहे, हे सांगण्यात आता संकोच उरलेला नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी काही वर्षे नेमाने घेत असे, आणि साखर बऱ्यापैकी ताब्यात होती. चूर्ण सुरू केल्यावर माझ्या मनात आले की, झाडाचे औषध मिळत असता कारखान्याची गोळी कशाला? मी गोळी बंद केली. घरात सांगितले नाही. दोन महिन्यांनी तहान वाढली, रात्री तीन-तीनदा उठावे लागे, आणि अंग उतरू लागले. अंग उतरते आहे, हे पाहून मी मूर्खासारखा खूष झालो! पोट उतरत आहे, असे मी समजलो. वास्तविक साखर जळत नसल्यामुळे देहच झिजत होता.

एके दिवशी कपाटात न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटे आमच्या घरातून सापडली. सौभाग्यवती रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, मुलांनी पाटीवर न सोडवता उत्तर लिहिले तर तुम्ही छडी घेत होता. तुम्ही हे उत्तर कोणाच्या पाटीवरून उतरविलेत?" दुसऱ्या दिवशी तपासणी केली. तीन महिन्यांच्या साखरेचा जो आकडा पूर्वी सातच्या आसपास असे, तो साडेनऊवर गेला होता. आज तो पुन्हा खाली आला आहे. परंतु त्या दिवसांत डोळ्यांना किंवा मूत्रपिंडांना काही झाले असते, तर ते मला कोणत्या डबीने परत दिले असते?

जांभळावर मी आळ घेत नाही. चूक जांभळाची नव्हती. मी जांभळावर जे ओझे लादले, ते त्याचे नव्हते. ब्राझील देशातील वैद्यांनी २००४ साली जांभळाच्या पानांच्या काढ्याची मधुमेही रोग्यांवर रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा साखर उतरविण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरला. हे मी डबी घेण्यापूर्वी वाचावयास हवे होते. पण जाहिरात लवकर पोहोचते; परीक्षेचा निकाल मागाहून येतो, हा शाळेतला नियम बाजारातही आहे.

तुरट द्रव्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती विशेषतः भगिनींनी ऐकावी. शाळेत असताना मी मुलांना एक प्रयोग करून दाखवीत असे. हिरड्याचा काढा घ्यावयाचा आणि त्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार टाकावयाचा. पाहता पाहता काढा काळाभोर होई, आणि त्याने मुले टाकाने आपली नावे लिहीत. आपल्या पूर्वजांची शाई अशीच होत असे. टॅनिनाने लोहाला मिठी मारली, की ती सहजी सुटत नाही. आता हाच प्रयोग आपल्या पोटात होतो असे समजा. जेवणात भाजी-भाकरीतून आलेले लोह आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा यांची गाठ पडते, आणि ते लोह रक्तात न जाता तसेच वाया जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांत रक्त उणे आढळले. तेव्हा जेवण आणि चहा यांत तासाभराचे तरी अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये. आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण त्यातील अम्ल लोहाला रक्तात जाण्यास साह्य करते.

अर्काच्या गोळ्यांविषयी तर अधिकच जपले पाहिजे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली असा अभिप्राय दिला की, हिरव्या चहातील मुख्य द्रव्य गोळ्यांच्या रूपाने दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृतास इजा झाल्याची चिन्हे दिसू शकतात. पेल्यातला चहा आणि गोळीतला अर्क यांत ओढ्याच्या पाण्याचे आणि पुराचे अंतर आहे.

आता मघाचा राहिलेला आकडा. आपण दिवसाकाठी चार पेले चहा घेतो, असे धरू. प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्यात पाच ग्रॅम म्हटले तर दिवसाला ४० ग्रॅम. तीनशे पासष्टने गुणा. वर्षाला १४ किलो ६०० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते! एका बाजूला चार वर्षांत शंभर ग्रॅमचा उतार, आणि दुसऱ्या बाजूला वर्षाला साडेचौदा किलो साखर. चौथीतला मुलगाही सांगेल की, प्रथम कोठे हात घालावयाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असणे अधिक हितावह, असे सुचविले आहे. आपला चहाच ती मर्यादा ओलांडून बसतो. कोकमाचे सरबत, जांभळाचा बाटलीतला रस, आवळ्याची कँडी यांचेही तेच. नाव तुरटाचे आणि कारभार गोडाचा!

मग या वकिलीत शिल्लक काय राहिले, असे कोणी विचारील. शिल्लक पुष्कळ आहे. तुरट रस हे औषध नसले तरी तो एक उत्तम खूण आहे. ज्या अन्नात तो सापडतो, ते अन्न बहुधा सालासकट, कोंड्यासकट, रंगासकट आलेले असते. त्यात तंतू असतात, ते चावावे लागते, ते सावकाश पचते आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते. नाचणीची भाकरी खाल्ली म्हणजे पॉलिफेनॉलाबरोबर कोंडा आणि चुनखडीसारखे उपयुक्त क्षारही पोटात जातात. नाचणीचा अर्क गोळीत घेतला म्हणजे ती सारी सोबत सुटते आणि एकटा पाहुणा येतो. नाचणीचेही पीठ फार मऊ दळून, त्यात गूळ घालून तिची खीर केली, तर तिचा गुण तेवढ्याने कमी होतो, हे विसरू नये.

पुण्याजवळच्या ज्या सहा खेड्यांची हकीकत मी सांगितली, तेथील अभ्यासाचा एक निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. तो मला या साऱ्या विषयाचे सार वाटतो. गरोदरपणी ज्या मातांनी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाल्ले, त्यांची बालके जन्मतः मोठी आणि वजनदार निघाली. हे श्रेय एकट्या पॉलिफेनॉलांचे, असे कोणी म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. ते साऱ्या ताटाचे श्रेय आहे. परंतु ज्या ठेवणीमुळे आपण चाळिशीत मधुमेही होतो, तिचा पाया आईच्या पोटात पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे घरातल्या सुनेच्या ताटात माठ, मेथी, शेवगा, राजगिरा पडतो की नाही, याची काळजी सासूसासऱ्यांनी डबीच्या काळजीपूर्वी केली पाहिजे. आपल्याकडे सर्वांची जेवणे उरकल्यावर जी जेवते, तिच्या वाट्याला भाजीचा रस्सा उरतो आणि भाजी उरत नाही. लठ्ठपणाच्या औषधाचा पहिला डोस तिच्या ताटात वाढावयाचा आहे.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. हंगामात जांभूळ, करवंद, आवळा फळ म्हणून खावे. दिवसातून एकदा तरी नाचणी, बाजरी किंवा ज्वारी ताटात असावी, आणि ती भाताच्या जागी असावी, भातावर चढविलेली नसावी. कोकमाचे सार करावे, त्यात साखर घालू नये. चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा या बेताने उतरवावी. महिन्याभरात जीभ तक्रार करीनाशी होते, हे अनुभवाने सांगतो. रोज निदान अर्धा तास झपझप चालावे. वर्षातून एकदा फीत घेऊन कंबर मोजावी. आणि डॉक्टरांची गोळी त्यांना विचारल्यावाचून बंद करू नये. काही पाला, चूर्ण किंवा काढा घेत असाल तर तेही त्यांना सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, न सांगण्यात मात्र धोका आहे.

आरंभी मी म्हटले होते की, माझी वकिली आणि फिर्याद एकच आहे. ती अशी. तुरट रसाला ताटातून उठवून डबीत कोंडले, हा त्याच्यावरचा अन्याय आहे. त्याला पुन्हा ताटात बसवा, एवढेच मला मागावयाचे आहे. आमच्या घरी ती रिकामी डबी अजून आहे. तिच्यात आता मेथीचे दाणे ठेवतात, आणि तिच्यावरील मोठ्या अक्षरांतले आश्वासन मी रोज सकाळी गोळी घेताना एकदा वाचतो.